मायटर सॉ ४५ दाखवतो, तरी कोपरा मिटत नाही: फट कुठे आहे ते आधी बघा

फ्रेमचे तीन कोपरे घट्ट बसतात आणि चौथा उघडा राहतो. मायटर सॉचा, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापायच्या मशीनचा, काटा ४५ वर आहे, हँडल आवळलेलं आहे, लाकूड चांगलं सागवान आहे, तरी कोपऱ्यात नख जाईल एवढी फट. मग कोणीतरी भुसा आणि फेव्हिकॉल कालवून ती बुजवतं, पॉलिश मारल्यावर तिथे काळी रेघ उमटते, आणि पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच.

कुडाळजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये फोटोफ्रेम, दारांभोवतीच्या पट्ट्या, स्कर्टिंग असं काम चालतं, त्यामुळे हा दोष मी आमच्या मशीनवर आणि इतरांच्या मशीनवर इतक्या वेळा काढला आहे की आता फट बघूनच निम्मा उलगडा होतो. मशीन क्वचितच बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा बिनपैशाच्या दुरुस्तीत काम होतं. पण त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते: फट दिसली की रंधा किंवा पुट्टी हातात न घेता, ती नेमकी कुठून उघडी आहे ते बघायचं.

आणि हे फक्त कामाच्या सफाईसाठी नाही. आमच्याकडच्या एका पोराचा अंगठा कापला गेला तो कोपरा मिटवायला ‘केसभर’ घासताना. चार इंचाचा तुकडा, एका हातात धरलेला, ब्लेडपासून दोन बोटांवर. मशीन नीट लावलेलं असतं तर तो तुकडा दुसऱ्यांदा मशीनवर गेलाच नसता. अचूकपणा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी मी त्या दिवसापासून मानत नाही.

फट काय सांगते

फ्रेम गोंद न लावता जमिनीवर सपाट मांडा आणि उजेडाकडे तोंड करून बघा.

फट बाहेरच्या टोकाला उघडी आणि आतला कोपरा टेकलेला असेल, तर कट ४५ पेक्षा कमी बसलाय. मशीन खरं तर ४४.५ ला कापतंय.

उलट, आतून उघडी आणि बाहेरचं टोक टेकलेलं असेल, तर कट ४५ च्या पुढे गेलाय. लाकूड नंतर सुकलं तरी अशीच फट पडते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

समोरून कोपरा मिटलेला, पण पालथा केला की मागून उघडा (किंवा त्याच्या उलट): ब्लेड टेबलाला काटकोनात उभं नाही, म्हणजे बेव्हल चुकलाय. मागून किंचित उघडं असणं चालतं, जुने सुतार मुद्दाम तसं ठेवतात. समोरून उघडं मात्र चालत नाही.

दोन्ही टोकं टेकली आणि मधेच पोकळी: कापताना ब्लेड वाकलंय.

फट नाहीच, कोनही काटकोन येतो, पण पट्टीची नक्षी एकमेकीला जुळत नाही, एका पट्टीचं टोक मिलिमीटरभर पुढे येतं: हे लक्षण लोक ओळखत नाहीत. इथे मागची टेकण, म्हणजे फेन्स, किंचित तिरकी बसलेली असते. डावीकडचा कट ४५.५ चा होतो आणि उजवीकडचा ४४.५ चा. बेरीज ९०, म्हणून कोपरा मिटतो. पण ५० मिलिमीटर रुंद पट्टीवर त्या दोन कटांच्या लांबीत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो नक्षीत दिसतो.

तीन कोपरे मिटले आणि शेवटचाच उघडा: एक तर समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या नाहीत, किंवा सगळ्या कटांची थोडी थोडी चूक शेवटच्या कोपऱ्यात साठली आहे. चार कोपऱ्यांना आठ कट लागतात. प्रत्येक कट अर्ध्या अंशाने चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश जमतात, आणि ५० मिलिमीटरच्या पट्टीवर ती फट जवळजवळ ५ मिलिमीटरची होते. काट्यावर अर्धा अंश म्हणजे रेघेची जाडी. म्हणून काट्यावर विश्वास ठेवून हे काम होत नाही.

आणि शेवटचं: एक कोपरा बाहेरून उघडा, दुसरा आतून, तिसरा ठीक. चुकीला काही धरबंधच नसेल तर मशीनच्या कोनाला हात लावू नका. काहीतरी हलतंय. बहुतेक वेळा लाकूड.

सुरुवात प्लग काढून

खालची प्रत्येक तपासणी प्लग भिंतीतून काढून करायची, जिथे प्रत्यक्ष कापायचं आहे तेवढी सोडून. स्विच बंद असणं पुरेसं नाही. ब्लेडजवळ गुण्या (काटकोन तपासायचं साधन) धरताना कोपराचा धक्का ट्रिगरला लागलेला मी पाहिला आहे. प्लग काढून तो स्वतःच्या डोळ्यांसमोर, टेबलावर ठेवा.

भुसा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. टेबल ज्या खाचांमध्ये अडकतं (०, २२.५, ४५ वगैरे), त्या खाचेत भुसा दाबून बसला की दट्ट्या पूर्ण आत जात नाही. ‘टक्’ आवाज येतो, काटा ४५ दाखवतो, पण टेबल पाव अंश अलीकडेच थांबलेलं असतं. तसंच फेन्स आणि टेबल यांच्या सांध्यात भुशाची बारीक भिंत तयार होते आणि पट्टी फेन्सला पूर्ण टेकत नाही.

जुना दात घासायचा ब्रश घ्या, टेबल एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून प्रत्येक खाच साफ करा. कोकणातल्या पावसात हा भुसा ओला होऊन लगद्यासारखा घट्ट बसतो, मग लाकडाची टोकदार काडी लागते. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, खाचेची कड गेली तर ती परत येत नाही.

साफ करताना मास्क लावा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ लागतो. एमडीएफ (लाकडाचे धागे दाबून बनवलेला बोर्ड) कापत असाल तर तो उतरवूच नका.

लाकूड टेकलंय का, आणि हलतंय का

पट्टी फेन्सला लावा आणि मागून उजेड दिसतो का बघा. वाकलेली पट्टी असेल तर फुगलेली बाजू फेन्सकडे ठेवायची, आणि जिथून कट जाणार तिथे पट्टी फेन्सला आणि टेबलाला टेकलेली पाहिजे. उलटी ठेवली तर कटाच्या जागी मागे पोकळी राहते. कट संपताना पट्टी त्या पोकळीत ओढली जाते, ब्लेडला चावते आणि सगळं मशीन झटका देतं. कोन चुकतो हा त्यातला कमी तोटा.

लांब पट्टीचं दुसरं टोक लोंबत असेल तर टेबलावरचं टोक केसभर उचललं जातं. तिकडे टेबलाच्या उंचीचा ठोकळा किंवा स्टँड द्या. दुसऱ्या माणसाला धरायला उभं करू नका. तो नकळत उचलतो किंवा ओढतो.

आता सरकणं. ४५ ला ब्लेड तिरकं शिरतं तेव्हा ते पट्टीला फेन्सवरून बाजूला ढकलतं. हाताला ते जाणवत नाही. पारखायचं असेल तर पट्टीवर आणि फेन्सवर मिळून पेन्सिलची एक रेघ मारा, कापा, ब्लेड थांबल्यावर रेघ बघा. तुटलेली दिसली तर कारण सापडलं. फेन्सच्या दोन्ही बाजूंना १२० नंबरचा पॉलिश पेपर दुतर्फी टेपने चिकटवा, दोन्ही बाजूंना सारखाच. किरकोळ खर्चात अर्ध्या तक्रारी मिटतात. त्याहून बरं म्हणजे मशीनबरोबर आलेला क्लॅम्प. तो बहुतेकांच्या खोक्यातच पडून असतो.

हाताचा नियम इथेच सांगतो, कारण इथेच तो मोडला जातो. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, हात नको. पट्टी धरायला एवढी जागा नसेल तर ती पट्टी हाताने धरायचीच नाही, क्लॅम्प करायची किंवा लांब पट्टीतून कापून घ्यायची. डाव्या हाताने ब्लेडच्या उजवीकडचं लाकूड धरायचं नाही, हात ओलांडून जाऊ द्यायचे नाहीत. हातमोजे नकोत, दात मोज्याला पकडून हात आत ओढतात. मनगटावरचा गंडा, कडं, सैल बाही, गळ्यातली ओढणी, सगळं काढून मगच उभं राहा. डोळ्यांवर गॉगल.

लांबी

कोन तंतोतंत ४५ असला तरी समोरासमोरची एक पट्टी ३०० आणि दुसरी ३०१ असेल तर फ्रेम मिटणार नाही. कोनाच्या मागे लागून दिवस घालवलेले लोक मी बघितले आहेत, टेप लावला तर दोष लांबीत निघतो. टेपने मोजून एकेक कापू नका. ठोकळा लावा: फेन्सला क्लॅम्प केलेला एक तुकडा, पट्टीचं टोक त्याला टेकवायचं आणि कापायचं. जोडीच्या दोन्ही पट्ट्या त्याच मांडणीत, मधे ठोकळा न हलवता.

ठोकळ्याची खालची कड रंध्याने थोडी मारून घ्या, म्हणजे भुसा तिथल्या खोबणीत जातो आणि पट्टी पूर्ण टेकते. आणि क्लॅम्प किंवा हात नेहमी त्याच बाजूला पाहिजे ज्या बाजूला ठोकळा आहे. दुसरी बाजू मोकळी सोडायची. ठोकळा आणि फिरतं ब्लेड यांच्यामध्ये न धरलेला तुकडा अडकला तर तो गोळीसारखा सुटतो.

कापायची रीत

मधेच पोकळी पडणारी फट इथे सुटते. ब्लेड म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर जाडीची चकती, जोराने दाबलं की ती वाकते, विशेषतः ४५ ला आणि कडक लाकडात. ट्रिगर दाबा, मोटरचा आवाज एका सुरावर स्थिर होईपर्यंत थांबा, मग सावकाश खाली आणा. शेवटच्या अर्ध्या इंचाला आणखी सावकाश. कट झाला की मशीनचं डोकं (मोटर आणि ब्लेडचा वर-खाली होणारा भाग) खालीच ठेवा, ट्रिगर सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग वर उचला. फिरतं ब्लेड वर उचललं की ते कटाची कड पुन्हा खरवडतं आणि सुटा तुकडा उडवतं.

सरकतं मशीन असेल तर क्रम असा: डोकं स्वतःकडे ओढायचं, चालू करून खाली आणायचं, मग पुढे ढकलत कापायचं. स्वतःकडे ओढत कापलं तर ब्लेड लाकडावर चढून अंगावर येतं. हे एकदा अनुभवायचीसुद्धा गरज नाही.

खालचा गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, तारेने वर बांधून ठेवलेलं मशीन बऱ्याच साइटवर दिसतं. कारण एकच, खूण दिसत नाही. त्याला उपाय आहे. टेबलावर आणि फेन्सला एमडीएफचा पातळ तुकडा लावा, त्यात एकदा कट मारा. ब्लेड जिथून जातं ती चीर तुमच्यासमोर कायम राहते, खूण तिला जुळवायची. शिवाय खालून लाकडाचे पापुद्रे निघत नाहीत आणि छोटे तुकडे फटीत अडकत नाहीत. कोन बदलला की तुकडा बदला. गार्डची तार मात्र आजच सोडा.

ब्लेड आणि वीज

आता थोडा खर्च. ब्लेड काढून बघा. दातांच्या मागे तपकिरी, चिकट थर असेल तर तो चीक आणि जळकी धूळ आहे. त्याने दात घासतात, लाकूड काळं पडतं, ब्लेड तापतं आणि तापलेलं ब्लेड वाकतं. भांडी घासायच्या साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, नायलॉन ब्रशने घासा, पूर्ण पुसून कोरडं करा.

दहा इंची ब्लेडला २४ किंवा ४० दात असतील तर ते बांधकामाच्या लाकडाला ठीक आहे. फ्रेमला ६० ते ८० दात पाहिजेत. दाताचा पुढे झुकण्याचा कोनही बघा, पॅकेटवर छापलेला असतो. मायटर सॉला शून्याच्या आसपास किंवा उणे ५ अंशांचं ब्लेड बरं. टेबल सॉसाठीचं १५-२० अंशांचं ब्लेड इथे लावलं तर ते लाकडाला वर ओढतं, कटही बिघडतो आणि हातही धोक्यात येतो. ब्लेडवर लिहिलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते लावायचं नाही.

बसवताना ब्लेडच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या पुसून घ्या. त्यांच्यामध्ये भुशाचा एक कण राहिला तरी ब्लेडची कड डोलते. मधलं भोक ३० मिलिमीटर आणि दांडा २५.४ असेल तर योग्य रिंगच लागते. टेप गुंडाळून भागवू नका.

विजेचं कोणाच्या लक्षात येत नाही. साधारण १६०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सातेक अँपिअर घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर, बारीक वायरच्या लांब एक्स्टेंशनवर लावलं की व्होल्टेज पडतं, ब्लेड लाकडात मंदावतं, आणि आपण आणखी जोर लावतो. फट मोटरमुळे पडली असं वाटतं, दोष वायरचा असतो. १६ अँपिअरचं सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएमची वायर, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडलेलं. वायर हाताला गरम लागली तर काम थांबवा. संध्याकाळी गावात व्होल्टेज खाली येतं त्या वेळात आम्ही फ्रेमचे कट घेत नाही.

शून्य खरंच शून्य आहे का

इथपर्यंत सगळं करून फट राहिलीच, तर आता मशीनचा कोन. काट्याकडे बघू नका. सरळ आणि समांतर कडांची १५० मिलिमीटर रुंद एमडीएफची पट्टी घ्या. वरच्या बाजूला खूण करा. टेबल ० च्या खाचेत, मधोमध कापा. आता एक तुकडा पालथा करा, दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. मिटल्या तर शून्य बरोबर. एका टोकाला उघडल्या तर दिसते ती फट चुकीच्या दुप्पट असते. १५० मिलिमीटर रुंदीवर १ मिलिमीटर फट म्हणजे चूक पाव अंशाच्याही आत. कुठल्याही गुण्यापेक्षा हे जास्त खरं बोलतं, कारण गुण्या स्वतःच पडून पडून बिघडलेला असू शकतो.

चूक निघाली तर फेन्स दुरुस्त करायची. प्लग काढा. डोकं खाली आणून पिनने अडकवा. आधी सरळ पट्टी लावून फेन्सचे दोन्ही भाग एका रेषेत आहेत का बघा. मग फेन्सचे बोल्ट अ‍ॅलन कीने अर्धा फेरा सैल करा. गुण्याची एक भुजा फेन्सला, दुसरी ब्लेडच्या सपाट भागाला. दाताला टेकवू नका, दात चकतीपेक्षा जाड असतात आणि तिथेच अर्धा अंश जातो. फेन्स गुण्याला दाबून बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकदम एक पूर्ण आवळला की फेन्स फिरते. मग पुन्हा पालथ्या तुकड्याची चाचणी. दोन-तीन फेऱ्या लागतात, तासभर जातो. काही मशीनमध्ये फेन्स पक्की असते आणि खाचांची तबकडी सरकवायची असते, म्हणून मॅन्युअल जवळ ठेवा. शेवटी काट्याचा स्क्रू सैल करून काटा शून्यावर आणायचा. काटा मशीनला जुळवायचा असतो, मशीन काट्याला नाही.

बेव्हलसाठी तसंच: गुण्या टेबलावर उभा, ब्लेडच्या सपाट भागाला चिकटवून. फट दिसली तर मागच्या बाजूला अडणीचा स्क्रू असतो. ० ला एक, ४५ ला एक. बेव्हल तिरका करण्याआधी फेन्सचा वरचा सरकता भाग बाहेर ओढा आणि प्लग काढलेल्या अवस्थेत डोकं एकदा खाली आणून बघा. ब्लेड अ‍ॅल्युमिनियमच्या फेन्सला घासलं तर दात तुटून उडतात.

शून्य बरोबर आलं की ४५ तपासा, दोन्ही बाजूंचं. ३०० मिलिमीटरची छोटी एमडीएफ फ्रेम कापणं ही माझी नेहमीची चाचणी. शून्य बरोबर पण ४५ चुकतोय, असं निघालं तर खाच झिजली आहे. मग खाच सोडून टेबल हाताने फिरवायचं आणि हँडल आवळून थांबवायचं. मधल्या काळात भागवायला कागद उपयोगी पडतो. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, कटापासून १०० मिलिमीटर दूर फेन्स आणि पट्टीच्या मधे एक कागद घातला तर कोन जेमतेम ०.०६ अंश फिरतो. पट्टी क्लॅम्प केलेली असेल तरच हे करा.

तरीही एखादा कोपरा केसभर घासायचा उरला, तर तो मशीनवर नाही. एका फळीवर ४५ चा ठोकळा ठोकून घ्या, पट्टी त्याला टेकवा आणि धारदार रंधा आडवा चालवा. एका फेऱ्यात कागदाइतका पापुद्रा निघतो. आमच्या वर्कशॉपमध्ये ही फळी मशीनच्या शेजारीच टांगलेली आहे, त्या अपघातापासून.

मशीन बरोबर, तरी फट

भिंत ९० ची नसते. स्कर्टिंग लावताना हे गृहीत धराच. आणि इथे एक फसगत आहे. कोपरा ९२ अंशांचा निघाला तर बहुतेक जण निम्मा करून मशीन ४६ वर लावतात. बरोबर आकडा ४४. मशीनचं शून्य म्हणजे सरळ आडवा कट, त्यामुळे १८० मधून भिंतीचा कोन वजा करून निम्मा करायचा. ९० च्या कोपऱ्यात दोन्ही हिशोब ४५ च देतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

छताजवळची तिरकी बसणारी पट्टी टेबलावर आडवी ठेवून कापायची तर मायटर (टेबल फिरवून येणारा कोन) आणि बेव्हल (ब्लेड तिरकं करून येणारा कोन) दोन्ही लागतात. भिंतीशी ३८ अंशांत बसणाऱ्या पट्टीला, ९० च्या कोपऱ्यासाठी, मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९. बऱ्याच मशीनवर या खुणा असतात. पण दोन कोन म्हणजे चुकायच्या दोन जागा. पट्टी उंचीत मावत असेल तर ती भिंतीवर बसते त्याच तिरकेपणात, उलटी करून फेन्सला टेकवा, खाली अडणीची पट्टी क्लॅम्प करा आणि साधा ४५ मारा.

आणि लाकूड. लाकूड रुंदीत फुगतं आणि आटतं, लांबीत जवळजवळ नाही. जुलैत कुडाळला बनवलेली रुंद पट्टीची फ्रेम मे महिन्यात सोलापूरच्या घरात आतल्या कोपऱ्यातून उघडते, कारण पट्टी आटली. कोरड्या जागी बनवून कोकणात आणलेली बाहेरून उघडते. कट करताना कोपरा मिटला होता आणि महिन्यांनी उघडला, तर मशीनला हात लावू नका. लाकूड जिथे लागणार आहे तिथल्या हवेत पंधरा दिवस मुरू द्या, आर्द्रता मोजायचं छोटं मीटर घ्या, आणि रुंद पट्टीच्या कोपऱ्यात नुसत्या गोंदावर न राहता आडवी चीप (लाकडाची पातळ पट्टी) बसवा.

इथे थांबा

प्लग काढून ब्लेडची कड दोन बोटांनी धरून आडवी हलवा. फक्त ब्लेड हललं आणि आवळल्यावर थांबलं तर ठीक. दांड्यासकट हललं, खटखट आवाज आला, तर बेअरिंग गेलं आहे. डोकं वरून धरून डावी-उजवीकडे हलवा, सांध्यात खेळ असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेला नट पाव फेरा आवळून बघा. एवढंच. त्यापुढे उघडू नका.

मोटरला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश बाहेरून झाकण काढून बदलता येत असतील तर जोडीने बदला. नवीन ब्रश टाकूनही आत गोल ठिणग्या फिरताना दिसल्या, जळका वास आला, ट्रिगर सोडल्यावर मोटर चालूच राहिली, गार्ड आपोआप खाली येईनासा झाला, टेबलाच्या किंवा फेन्सच्या ओतीव भागाला तडा दिसला, किंवा मशीन एकदा उंचावरून पडलं असेल, तर ‘एवढी एक ऑर्डर काढून घेऊ’ म्हणू नका. त्या क्षणी प्लग काढा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. ब्लेडच्या कार्बाइडच्या दातांना घरच्या ग्राइंडरवर धार लावू नका, त्यासाठी हिऱ्याचं चाक असलेल्या धारवाल्याकडे द्या. एक दात जरी तुटला असेल तर त्यालाच विचारा की ब्लेड वाचेल की टाकावं लागेल.

मशीन नेताना पालथ्या तुकड्याच्या चाचणीचे दोन्ही तुकडे बरोबर न्या. त्यांवर पेन्सिलने लिहा: ० ला कापलं की डावा ४५ ला, फट किती मिलिमीटर, वरून की खालून, आणि हा कट कितव्यांदा घेतला. ‘कोन येत नाही’ एवढंच सांगितलं तर दुकानदार काटा शून्यावर आणून मशीन परत देतो. तुकडे समोर ठेवले की त्याला दांडा आणि बेअरिंग तपासावंच लागतं. परत आणल्यावर ऑर्डरचं लाकूड लावण्याआधी तीच चाचणी त्याच पट्टीच्या उरलेल्या भागावर घ्या.